भाऊजी, जॅमर टाकलात ते बरं केलंत

भाऊजी,

आपला वाद अर्धाच राहिला. मागच्या सुट्टीत निघताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या टायमाला संपवू, वहिनी," आणि मीही मान डोलावली. घरातल्या वादांना कसली आलीय घाई! आता तेरावं होऊन गेलं, पाहुणे पांगले, मांडववाले बांबू घेऊन गेले, आणि कॉलेजातून घरी आले की मी अजून त्याच वादातलं एखादं वाक्य मनात जुळवत बसते. तुमच्या दादांना सांगितलं तर ते ऐकून घेतात, पण उलटून बोलत नाहीत. या घरात मला उलटून बोलणारे तुम्हीच होतात.

तुम्हाला ती बंदूक मिळाल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. आईंना तुम्ही म्हणालात, "ड्रोन रोखायची बंदूक दिलीय मला." आईंनी विचारलं, "गोळी केवढी असती रे तिची?"

"गोळी न्हाईच तिच्यात, आई. निसत्या लहरी सोडती. वरच्या ड्रोनला त्याच्या मालकाचं ऐकू येईना झालं की ते गांगरतं. खाली बसतं, न्हाई तर वापस जातं."

आईंनी जरा विचार केला. "गोळी न्हाई तर बंदूक कशाला म्हनता तिला? ओरडनी म्हना."

तुम्ही तिकडं इतके हसलात की फोन हातातून पडला. आईंनी माझ्याकडं मोबाईल दिला, "हे तुझ्या खात्यातलं दिसून राहिलंय, तूच बोल." मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, एवढ्यावरून तुमची ओरडणी माझ्या खात्यात आली. तुम्ही कुठं आहात ते कधीच सांगितलं नाहीत. "सांगता येत न्हाई, वहिनी. थंडी हाय एवढं समजून घ्या."

पण आपलं हे बोलणं त्याआधीपासूनचं. लग्न होऊन मी नांदेडला आले आणि त्याच वर्षी तुम्ही शिकवणीसाठी लातूरला माझ्या माहेरी राहायला गेलात. "पोरीच्या बदल्यात पोरगा मिळाला," असं माझे अप्पा सगळ्यांना सांगायचे. अप्पा तुम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे आणि तुम्ही त्यांना रमी. नळाला पाणी आलं की सगळी पिंपं तुम्ही भरायचात, माझी आई अजून त्याचं कौतुक करते. बारावीला मार्क कमी पडले तेव्हा तुमच्यापेक्षा अप्पाच जास्त हिरमुसले. तुम्ही फौजेत भरती झालात आणि पहिल्या सुट्टीत त्यांच्या पाया पडून म्हणालात, "अप्पा, माझ्या वाटची इंजिनिअरिंग वहिनीनं केली, वहिनीच्या वाटची परेड मी करतो." त्याच गल्लीतली अनिता पुढं तुमची बायको झाली. म्हणजे तुमचं निम्मं आयुष्य माझ्या माहेरातून निघालेलं, आणि तरी मी तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. बालाजी म्हणायला काय हरकत होती? पण सवय. भाऊजी ते भाऊजीच.

त्या सुट्टीतली केळीची बाग आठवतेय का? अर्धापूरच्या आपल्या शेतात फवारणीचा ड्रोन आला होता. सगळं शेजारपाजार बघायला जमलं. तुम्ही केळीच्या झाडाला टेकू दिलेला एक बांबू उपसलात, खांद्याला लावलात आणि ड्रोनवर नेम धरायला लागलात. दादा ओरडले, "अरे, घड खाली येईल!" तुम्ही ऐकलंत कुठं? बागेच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, बांबू वर आणि तोंड आभाळाकडं. पानांच्या मधून ड्रोन क्षणभर दिसायचा आणि दडायचा. आवाज मात्र चहूबाजूंनी. एकदा तो तुमच्या पाठीमागून आला आणि डोक्यापासून कमरेपर्यंत औषधानं भिजवून गेला. माणसं पोट धरून हसली. आई म्हणाल्या, "त्यानंच तुला पाडला की रे!"

तुम्ही हसत हसत बांधावर येऊन बसलात. डोकं पुसत होतात आणि मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "आसंच असतं, वहिनी. आधी दिसायला पाहिजे. दिसंपर्यंत ते डोक्यावर असतं."

मग मी माझं सुरू केलं. तुम्हीच मला डॉल्बीचं उदाहरण दिलं होतं, की वरातीत डॉल्बी लागला की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, ही जॅमर बंदूक म्हणजे तोच डॉल्बी. मी म्हटलं, बरोबर आहे, पण डॉल्बी गल्लीच्या टोकापर्यंतच. आडवी भिंत आली की निम्मा. त्याचं तोंड जिकडं असेल तिकडंच जोर, म्हणजे एका वेळी एकच दिशा. दोन बाजूंनी दोन आले तर? थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा काय? आणि तुमच्याच माणसांचे वायरलेस त्यात अडकले तर?

"वहिनी," तुम्ही म्हणालात, "एवढं सगळं आमाला शिकवलंय. तरी ती असली की बरं वाटतं."

"बरं वाटतं हेच तर," मी म्हणाले, आणि तेवढ्यात जेवायला हाक आली.

दोन दिवसांनी मी तुम्हाला कॉलेजात नेलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बनवलेला छोटा ड्रोन होता. मैदानावर ऊन उतरलं होतं. मी त्याला आधीच मैदानाची फेरी नेमून दिली आणि रिमोट तुमच्या हातात दिला. ड्रोन वर गेला. मी म्हटलं, "आता रिमोट बंद करा." तुम्ही बटण दाबलंत आणि वाट बघत राहिलात. तो गांगरला नाही. खालीही बसला नाही. ठरवलेल्या रस्त्यानं आंब्याच्या झाडापर्यंत गेला, वळला, सावकाश परत आला आणि तुमच्या पुढ्यात उतरला.

"हे तर बहिरं हाय!" तुम्ही म्हणालात.

"बहिरंच. त्याला सगळं घरूनच पाठ करून पाठवलंय. तुमचा डॉल्बी कितीही वाजवा."

"पण आमची बंदूक वरच्या उपग्रहाचा इशारा बी तोडती. मंग हे वाट चुकेल."

"हे चुकेल. पण ज्याला कॅमेऱ्यातून खालचं बघून वाट कळते ते? आणि पाठीमागं काचेची तार सोडत येतं ते? त्याचा मालक तारेतून बोलतो, भाऊजी. हवेत काही नसतंच तुम्हाला तोडायला."

तुम्ही ड्रोन उचलून उलटासुलटा करून पाहिलात, एखादं आजारी कोंबडीचं पिल्लू बघावं तसं. घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर बघत होतात. मला वाटलं, मी उगाच तुमची सुट्टी कडू केली.

आणि मग ते भांडण. खरंखुरं, आवाज चढवून झालेलं आपलं ते एकच. जेवणं झाली होती, दुपार होती, आई पडल्या होत्या. तुम्ही आपणहून विषय काढलात.

"वहिनी, तुमी वर्गात बसून बोलून राहिल्या. तुमचं समदं खरं हाय. पण ते वर घोंगावत असतंय ना, तवा माणसाला हातात कायतरी लागतं. पोरं माझ्याकडं बघतात. मी बंदूक उचलली की त्यांच्या जिवात जीव येतो. तिनं पाडलेत बी मी. खोटं न्हाई."

"पाडले असतील. मी कुठं नाही म्हणते? पण जे ऐकत नाही ते आलं तर तुम्ही काय करणार?"

"धरून ठेवनार. ऐकंल कधीतरी."

"तेच! तेच मला नको आहे!" मी किंचाळलेच. "हातात ती आहे म्हणून तुम्ही उघड्यावर उभे राहणार, वर बघत. ती नसती तर केव्हाच आत गेला असतात. यंत्राची रेंज कमी आहे याची मला भीती नाही वाटत, भाऊजी. ते माणसाला उभं ठेवतं याची वाटते. एक श्वास घ्या आणि सोडा. तेवढ्यात त्यानं ऐकलं नाही, तर ते ऐकणार नाही. मग टाका ते डबडं आणि पळा."

"पळा?" तुम्ही माझ्याकडं रोखून बघितलंत. "फौजी मानसाला पळा म्हनता?"

दादा आतून आले आणि चहा ठेवायला गेले. आपण दोघंही स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज ऐकत बसलो. चहा आल्यावर तुम्ही बशीत ओतून भुरका मारलात, आणि तुमचं ते नेहमीचं हसू आलं. "दादा, वहिनीला फौजेत घ्या म्हनाव. दुश्मन निसता बोलूनच थकंल." विषय तिथंच मिटला. स्टेशनवर गाडीत बसताना तेवढं म्हणालात, पुढच्या टायमाला संपवू.

म्हणजे मी हरले, असंच मी धरून चालले होते.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत होते. दारात दादा दिसले. ते माझ्या कॉलेजात कधी येत नाहीत, बँकेतून उठून इतक्या लांब तर नाहीच. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. मी सगळी यंत्रं एकेक करून बंद केली, मुलांना जायला सांगितलं. का कोण जाणे, वाटत होतं की सगळं नीट बंद केलं तर ते काही बोलणार नाहीत.

तुमचं येणं, ती गर्दी, त्या घोषणा, ते मी लिहीत नाही. तुम्ही ते पाहिलं नाहीत ते बरं. तुम्हाला गर्दीत अवघडायला व्हायचं. अनिता सगळा वेळ ताठ उभी होती. एकदाच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, ह्यांच्या बुटाच्या नाड्या कुणी बांधल्या असतील हो?" बस. आम्ही एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. ती आता लातूरलाच आहे, शाळेवर रुजू झाली. माझी आई डबा घेऊन रोज तिच्याकडं जाते, अप्पा तिला रमी शिकवताहेत. ती हरत नाही म्हणे. तुम्ही शिकवून ठेवलेली दिसते.

तेराव्यानंतर एका सकाळी दारात एक उंच सरदारजी उभे. डाव्या हाताला प्लास्टर. मी दार उघडलं आणि त्यांनी माझ्याकडं पाहून थेट विचारलं, "आप वहिनी?"

ते हवालदार गुरमीत, तुमच्या चौकीवरचे. सुट्टी मिळाली तसे नांदेडला आले, गुरुद्वाऱ्यात माथा टेकला आणि तिथून सरळ आपल्या घरी. ते हिंदीतच बोलले. मी माझ्या भाषेत लिहिते, कारण मला ते आता तसंच आठवतं.

आई, दादा, मी, सगळे बसलो. त्यांनी चहा हातात घेतला आणि मला विचारलं, "वहिनी या शब्दाचा अर्थ काय हो? मोठ्या भावाची बायको, हे मला बालाजी गेल्यावर कळलं. आमच्या चौकीवर त्याचा अर्थ वेगळा होता."

"वेगळा म्हणजे?" मी विचारलं.

"सुट्टीवरून आल्यावर त्यानं आम्हाला बसवून हिंदीत सांगितलं, माझी भाभी कॉलेजात शिकवते, तिचं म्हणणं असं आहे. एक श्वास घ्यायचा, सोडायचा. तेवढ्यात ड्रोननं ऐकलं नाही, तर ते बहिरं. मग बंदूक टाकायची आणि सगळ्यांनी बंकरमध्ये. आम्ही हसलो. तो नाही हसला. रोज सराव घ्यायला लागला. पण एवढं सगळं ओरडून सांगायला वेळ कुठला? म्हणून एकच शब्द ठरला. तो ओरडायचा, 'वहिनी!' की आम्ही जे असेल ते टाकून पळायचो. तमिळ पोरं, गढवाली पोरं, सगळे. स्वयंपाकी सुद्धा. कोणाला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. आम्हाला वाटायचं, मराठीत 'पळा'ला 'वहिनी' म्हणतात."

आई तोंडाला पदर लावून हसल्या, भाऊजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसताच त्यांचं रडं सुरू झालं, आणि गुरमीत हातातला कप तसाच धरून खाली बघत राहिले.

मग त्यांनी तो दिवस सांगितला. सकाळ होती, धुकं नुकतंच उठलं होतं. चौकीवरची माणसं बाहेर सामान उतरवत होती. पहिला ड्रोन आला. तुम्ही पुढं मोकळ्यावर गेलात, बंदूक उचललीत, तो डगमगला आणि लांब शेतात जाऊन बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टेकडीच्या आडून दुसरा, खालून, गवताला लागेल इतका खालून. तुम्ही नेम धरलात. तो सरळच येत राहिला.

"मी त्याच्याकडंच बघत होतो," गुरमीत म्हणाले. "छाती फुगली, खाली आली. मग त्यानं बंदूक जमिनीवर टाकली आणि ओरडला. एवढ्या मोठ्यानं कधी ओरडला नव्हता. वहिनी! आम्ही सगळे आत गेलो. मी दारात होतो, म्हणून हाताला लागलं. तो माझ्या मागं होता. पळत होता. येतच होता."

"सगळ्यात मागं का?" मी विचारलं. "ते का मागं राहिले?"

"राहिला नाही, वहिनी. बंदूक चालवायला मोकळं आभाळ लागतं. म्हणून तो सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा असायचा. जो सगळ्यात पुढं, त्याला परत यायला सगळ्यात लांब."

नंतर झुडपात एक धागा सापडला, केसाएवढा बारीक, काचेचा. उन्हात चमकत होता म्हणे. टेकडीपलीकडं गेलेला.

या वादात हेच आपल्या दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही म्हणत होतात, हातात काहीतरी लागतं. मी म्हणत होते, टाका आणि पळा. पण टाकल्यावर पळायला किती जमीन उरते, हे ना तुम्ही बोललात ना मी. त्या यंत्राची सगळ्यात मोठी मर्यादा ना लहरीत होती, ना बॅटरीत. ती तुमच्या पायाखालच्या जमिनीत होती, उघड्या आभाळापासून बंकरच्या दारापर्यंत. त्यावर जाळ्या हव्यात, आधी चाहूल देणारी यंत्रं हवीत, बंदूकवाल्यासाठी जवळ खड्डा हवा. मी गुरमीतना हे सगळं सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "जाळी आता लागलीय. खड्डा पण खोदलाय. आणि शब्द तोच ठेवलाय."

तिकडं कुठं तरी थंडीत, मला कधी न पाहिलेली पोरं माझ्या नात्यानं एकमेकांना वाचवताहेत. तुम्ही माझं ऐकलं होतंत. तोंडावर हसून टाळलंत आणि जाऊन शब्दन् शब्द पाळलात. हे मला फोनवर एकदा सांगायला काय झालं होतं? रागावू तरी कशी? तुम्हाला ती गंमत समोर बसून सांगायची असणार, बशीत चहा ओतून.

मागच्या रविवारी अर्धापूरची चार-पाच मंडळी आपल्या मळ्यातल्या घरी आली. शाळेच्या भिंतीवर तुमचं मोठं चित्र काढायचं ठरलंय. पेंटर सोबतच होता. त्यानं नमुना दाखवला. तुम्ही छाती काढून उभे, जॅमर आभाळाकडं रोखलेला, डोळे लाल.

आईंनी बराच वेळ तो कागद पाहिला. म्हणाल्या, "असा नगं. पळतानी काढा."

मंडळी चपापली. एक जण म्हणाले, "मावशी, वीर माणूस पळताना कसा दाखवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोकायला सांगा, माझं लेकरू धा जनाला हाका मारून पळून राहिलं होतं. हातात काय बी न्हवतं त्याच्या. तसंच काढा, न्हाई तर काढू नका."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आई बरोबर सांगून राहिल्या."

पेंटर भला माणूस. त्यानं तिथंच ओट्यावर बसून पेन्सिल काढली, पण त्याला जमेना. पळणारी माणसं त्यानं कधी काढलेली नव्हती. पाय चुकायचे, हात चुकायचे. खोडून खोडून कागद फाटायला आला. म्हणाला, "त्यांचा पळतानाचा एखादा फोटो हाय का?" नव्हता. असा फोटो कोण काढून ठेवतं?

दादा इतका वेळ कोपऱ्यात बसले होते. तुमच्या बातमीपासून ते रडलेले मी पाहिले नाहीत. ते उठले, चपला काढल्या, पँट पोटरीपर्यंत दुमडली आणि अंगणाच्या टोकाला गेले. पेंटरला म्हणाले, "बघ हां. आम्हा दोघांचं पळणं सारखंच हाय."

आणि ते पळाले, भाऊजी. पोट सुटलेले, चष्मा लावलेले तुमचे दादा, गोठ्याकडून ओट्याकडं, मागं वळून, हात हलवून हाका मारत. आई दाराला धरून उभ्या राहिल्या. पेंटर मान खाली घालून भराभर रेघा ओढत होता. ओट्यापाशी पोचून दादा वाकले, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागले आणि त्यातच त्यांना हुंदका फुटला. पेंटर थांबला. दादांनी बाहीनं तोंड पुसलं.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं राहिलंय," पेंटर म्हणाला.

दादा परत अंगणाच्या टोकाला गेले.